भाचीचं लग्न आणि छत्तीस हजार

लॅबमधला शेवटचा पेशंट दंडावर कापूस दाबत बाहेर पडला आणि त्याच दारातून जयवंत आत आले. कामाच्या वेळी ते कधी यायचे नाहीत. पेशंटच्या बाकावर ऐसपैस बसले. पाण्याच्या बाटल्यांच्या एजन्सीचा निळा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, पण चेहरा असा की जणू लॉटरी लागली आहे.

“अक्काचा फोन होता. तेजूचं ठरलं. सत्तावीस एप्रिल.”

तेजश्री म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेची एकुलती एक मुलगी. आम्हांला मूलबाळ नाही, त्यामुळं शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिनं कराडला आमच्याकडेच काढलेल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण तो मिनिटभर टिकला. पुढच्याच वाक्यात जयवंत म्हणाले की स्टेज आपल्याकडून.

मी विचारलं, कशाचं स्टेज? खांब, कमानी, पडदे, झुंबरं, सगळं विकून दोन वर्षं झाली होती. ते म्हणाले, भाड्यानं आणू, ओळखी आहेत, वीस हजारांत काम होतं. वीस हजार हे शब्द त्यांनी एखाद्यानं वीस रुपये म्हणावं तसे उच्चारले. मी हातातल्या नळ्या स्टँडमध्ये लावत राहिले. काही बोलले असते तर एखादी नळी फुटली असती.

हे दोन हजार आठ सालचं आहे. त्याच्या चार वर्षं आधी जयवंतनी मंडप आणि स्टेज डेकोरेशनचा धंदा काढला होता. माणूस कलाकार. थर्माकोलच्या तुकड्यातून मोर काढायचा आणि लोक जेवण सोडून बघत उभे राहायचे. पण हात सढळ. गिऱ्हाईक दहा हजारांची सजावट मागायचं, हे पंधराची करून द्यायचे आणि दहाच घ्यायचे. धंदा वाढवायला म्हणून पतसंस्थेकडून तीन लाख उचलले. पुढच्याच मे महिन्यात उंब्रजजवळच्या एका लग्नात वळवाचं वादळ आलं आणि अख्खा मांडव आडवा झाला. माणसं वाचली. आचाऱ्याचा पाय मोडला. कापड फाटलं, लाइटचं सामान भिजलं, घेतलेले ॲडव्हान्स परत करावे लागले, आचाऱ्याचं दवाखान्याचं बिल भरावं लागलं. धंदा त्या एका संध्याकाळी बसला आणि कर्ज तेवढं उभं राहिलं.

त्या कर्जाला जामीन होते मुलाणी सर. जयवंतचे हायस्कूलचे चित्रकलेचे शिक्षक. ‘माझ्या वर्गातला सगळ्यात चांगला हात’ असं म्हणून त्यांनी सही केली होती. आमचे सहा हप्ते थकले तसं पतसंस्थेनं सरांच्या पगारातून महिन्याला दीड हजार कापायला सुरुवात केली.

मांडव पडला तेव्हापासूनच घराचा कारभार मी हातात घेतला होता. जयवंत टेम्पो चालवायला लागले. मी लॅबच्या पगारावर भागेना म्हणून पहाटे साडेपाचपासून घरोघरी जाऊन साखरेच्या पेशंटांचं उपाशीपोटीचं रक्त गोळा करायला लागले. नवं कापड घ्यायचं नाही, हॉटेल नाही, टीव्ही बिघडला तो बिघडलेलाच. पतसंस्थेचे मॅनेजर मार्चमध्ये म्हणाले की तीस एप्रिलच्या आत छत्तीस हजार एकरकमी भरलेत तर दंडव्याज माफ करतो, खातं बंद करतो आणि सरांना मोकळं करतो. नाही भरलेत तर दंडव्याज धरून पुन्हा सत्तेचाळीस, आणि पुढचं पुढं. माझ्याकडे चोवीस जमले होते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या नंबरची भिशी लागणार होती, बारा हजारांची. चोवीस आणि बारा. इतकं सरळ गणित होतं. त्यात स्टेज कुठं बसत होतं?

हे सगळं जयवंतना माहीत नव्हतं असं नाही. पण त्यांना ते आठवण करून द्यावं लागायचं, रोज, नव्यानं, आणि रोज ते असे बघायचे की हे संकट मीच घरात आणलं आहे.

“एकदाच तर आहे, हेमा. एकच भाची.”

एकदाच तर आहे, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मित्राच्या बापाचं श्राद्ध एकदाच, गल्लीतल्या गणपतीचं पंचविसावं वर्ष एकदाच, हापूस आंब्याची पहिली पेटीसुद्धा वर्षातून एकदाच. प्रत्येक गोष्ट एकदाच असते आणि पैसे मात्र दर वेळी लागतात, हे त्यांना मी किती तऱ्हांनी सांगितलं असेल, त्याला हिशेब नाही.

स्टेजवर मी नाही म्हणाले. दोन दिवसांनी त्यांनी फ्रीज काढला. मामाकडून रुखवतात फ्रीज, हप्त्यानं मिळतो, शून्य टक्के. मी म्हणाले, हप्ता हा शब्द या घरात काढायचा नाही. मग फ्रीजचं मिक्सर झालं, मिक्सरचं पुन्हा स्टेज झालं. जेवताना, आंघोळीला जाताना, मी पहाटे सुया मोजत असताना. शेवटी तोडगा निघाला तो असा: दीड हजारापर्यंतची साडी तेजूला, पाचशे रुपये पाकिटात, आणि स्टेजसाठी जयवंतनी आदल्या दिवशी जाऊन अंगमेहनत करायची. ते ‘बरं’ म्हणाले. त्यांच्या ‘बरं’चा मला तीन वर्षांत चांगला अनुभव होता.

त्याच आठवड्यात मुलाणी सर येऊन गेले. दर महिन्याला पगार झाला की ते यायचे, ही माझ्या डोक्याला आणखी एक कटकट होती. संध्याकाळी पाचच्या सुमाराला चालत यायचे, दारातच उभे राहायचे. आत या म्हटलं तर नको, चहा नको, पाणीसुद्धा नको. खिशातून पगाराची चिठ्ठी काढायची, घडी उलगडून माझ्यासमोर धरायची.

“वाच, किती कापलेत ते.”

मी वाचायचे. एक हजार पाचशे. ते मान हलवायचे, चिठ्ठीची घडी करायचे आणि जायचे. पहिल्या महिन्यात मी शरमेनं अर्धी झाले होते. पण सोळाव्या महिन्यात शरमेची जागा रागानं घेतली होती. मान्य, आमच्यामुळं तुमचे पैसे जातात. आम्ही ते फेडणार आहोत, तोंडानं कबूल केलं आहे, वहीत लिहून ठेवलं आहे. मग दर महिन्याला शाळेतल्या पोरीसारखं मला मोठ्यानं वाचायला लावून काय मिळतं? त्या दिवशी मी चिठ्ठी जरा जोरातच वाचली, शेजारच्या बाईंना ऐकू जाईल इतकी. सरांनी चिठ्ठीची घडी केली. पायरी उतरताना जरा अडखळले आणि भिंतीला हात लावून गेले. मला वाटलं, वय झालं.

वीस तारखेला रविवार होता. अक्कांनी हळद दळायला आणि पापड-कुरडया बघायला बायकांना बोलावलं होतं, म्हणून मी एकटीच इस्लामपूरला गेले. भिशी आदल्या दिवशी लागली होती. छत्तीस हजार कपाटात होते आणि सोमवारी ते भरायचे ठरले होते, त्यामुळं तीन वर्षांत पहिल्यांदा मी बसमध्ये खिडकीशी बसून हलक्या मनानं चालले होते.

अक्कांकडे मधल्या खोलीत आहेर मांडून ठेवला होता. अक्कांच्या जाऊबाई प्रत्येक डबी उघडून दाखवत होत्या. आत्याकडून तोडे, चुलत्यांकडून कानातले, नवऱ्यामुलाच्या मावशीकडून चांदीचा करंडा. एका बाईनं सहज विचारलं की मामाकडून काय आहे. जाऊबाईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं की मामांचं यायचं आहे अजून. मग दुसरी एक, जरा वयस्कर, म्हणाली की मामा म्हणजे ते टेम्पोवर असतात तेच ना, आधी मंडपवाले होते ते, मग त्यांच्याकडून कसली अपेक्षा करायची.

मी ते गिळलं असतं. पण अक्का तिथंच चौकटीला टेकून उभ्या होत्या. भावाच्या बाजूनं बोलायचं म्हणून त्या बोलल्या, अगदी थंडपणानं.

“जयवंताचा हात कधीच आखडता नव्हता. त्याच्या मनात असेल तेवढं तो देईल. पण आता सगळं हेमाच्या हातात आहे.”

सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. तेजू हळदीचं ताट घेऊन दारात आली होती. तीही थांबली, मग मान खाली घालून आत गेली. मी हसले. काय करणार? चार वाजेपर्यंत कुरडया पालथ्या करत बसले आणि पाचच्या एस.टी.नं परत आले.

त्या तासाभराच्या प्रवासात माझ्या डोक्यात जे उकळत होतं, ते आजही मला जसंच्या तसं आठवतं. पहाटे कुत्री अंगावर घेत दारोदार फिरायचं मी. ब्लाउजला ठिगळ लावायचं मी. उधळून बसला तो दिलदार भाऊ, आणि निस्तरणारी मी मात्र कंजूष. बरं, हे कुणाला सांगायची सोय नाही. घरी आल्यावर जयवंतनी विचारलं कसं झालं, मी म्हणाले छान झालं. ते म्हणाले, स्टेजचा विचार मी सोडला बरं का, तू म्हणतेस तेच बरोबर. त्याचाही मला रागच आला.

सोमवारी लॅबमधून अर्धा दिवस सुट्टी काढून मी पैसे पर्समध्ये घातले आणि पतसंस्थेत भरायला निघाले. चावडी चौकापर्यंत आले. तिथून डावीकडे वळलं की पतसंस्था. मी सरळ गेले आणि सराफाच्या दुकानात शिरले.

मी काय ठरवून गेले नव्हते. फक्त बघायचं, असं म्हणत होते स्वतःशी. पण गादीवर बसल्यावर त्यांनी थंड पाणी दिलं, मखमलीचा ट्रे समोर ठेवला आणि विचारलं, “काय दाखवू, ताई?” तीन वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी म्हणाले, ठुशी. त्यांनी चार दाखवल्या. दीड तोळ्याची एक होती, बारीक मणी, मधे छोटासा लाल खडा. मी ती गळ्याला लावून आरशात बघितली आणि मग तेजूचा गळा डोळ्यांपुढं आणला. मजुरीसकट एकोणीस हजार शंभर. समोरच्या दुकानातून शालू साडेसहा हजारांचा. उरलेले दहा पतसंस्थेत भरू, बाकीचं वर्षभरात. एवढी तीन वर्षं काढली तर आणखी एक. सर थांबतील, चिठ्ठ्या वाचून घेतील आणखी बारा. आणि एकदाच तर आहे.

हो, हेच शब्द. माझ्या मनात आले तेव्हा मला काही वेगळं वाटलंसुद्धा नाही. मला फक्त ती मधली खोली दिसत होती. मी डबी उघडते आहे आणि ती वयस्कर बाई वाकून बघते आहे.

सराफांनी वजन करून पावती लिहायला घेतली. तेव्हा मला वाटलं की जयवंतनी हे बघायला हवं. तीन आठवडे माझं डोकं खाल्लं ना, आता बघा म्हणावं मी काय घेतलंय. दुकानातूनच फोन लावला. ते जवळच कुठंतरी माल उतरवत होते. दहा मिनिटांत आले. टेम्पो बाहेर उभा करून, चपला काढून, ओल्या शर्टानं गादीच्या कडेला टेकले.

मी ठुशी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटी करून मागची गुंफण बघितली. मग ट्रेमध्ये परत ठेवली.

“चांगली आहे,” ते म्हणाले. “ऊठ.”

मला कळेचना. मी म्हणाले, पावती होते आहे. त्यांनी सराफांना हात जोडले, म्हणाले की माफ करा, तुमचा वेळ घेतला, सध्या आम्हांला जमत नाही. आणि माझी पर्स उचलून दाराकडे चालू लागले. सराफ बिचारे पेन हातात धरून बघत राहिले. मी कशी उठले, चपला कशा घातल्या, मला माहीत नाही. संतापानं माझे कान गरम झाले होते. तीन आठवडे हा माणूस फ्रीज आणि स्टेज आणि मिक्सर करत होता, आणि मी ज्या दिवशी हो म्हणाले त्याच दिवशी याला शहाणपण सुचावं?

टेम्पोत बसल्यावर मी तोंड सोडलं. अक्का काय म्हणाल्या, त्या बाया काय म्हणाल्या, सगळं ओकले. जयवंतनी ऐकून घेतलं. टेम्पो चालू केला नाही. मागं बाटल्यांचे क्रेट उन्हात तापत होते.

मग ते म्हणाले, “मी सकाळी सरांकडे गेलो होतो.”

पत्रिका द्यायला गेलो होतो, असं एरवी त्यांनी मला सांगितलं असतं. खरं म्हणजे मुदत मागायला गेले होते. आणखी दोन महिने थांबता का सर, घरात लग्न आहे, असं विचारायला. म्हणजे कालचं ते ‘स्टेजचा विचार सोडला’ वगैरे सगळं थापच होती. मी तेवढ्यातही ते बोलून दाखवलं. ते म्हणाले, हो, थापच होती, आता पुढं ऐक.

सरांनी एका शब्दात हो म्हटलं होतं. लग्न आहे, कर की, मी कुठं पळून चाललोय. मग जयवंतनी पत्रिका त्यांच्या हातात दिली. वर सोनेरी मोर छापलेला होता, जयवंतनीच अक्कांना काढून दिलेला. सरांनी पत्रिका नाकापाशी नेली, लांब धरली, खिडकीकडे वळवली. मग तशीच परत दिली.

“म्हणाले, तूच वाच, नाव काय मुलीचं? मी म्हटलं, सर, मोर कसा आलाय? तर म्हणाले, मोर आहे होय.”

जयवंत स्टिअरिंगवर अंगठा घासत होते.

सरांच्या बायकोनं, म्हणजे चाचींनी, मग बाहेर येऊन सांगितलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि उजव्याला काचबिंदूही. त्यामुळं मोफतच्या शिबिरात घेत नाहीत, मिरजेला न्यायला सांगितलंय. डॉक्टर दिवाळीपासून सांगताहेत. शिक्षकांच्या सोसायटीतून कर्ज काढायचं तर पतसंस्थेचा जामीन अंगावर असताना सोसायटी अर्ज घेत नाही. जितका उशीर तितकी उजव्या डोळ्याची नजर कमी होणार, आणि गेलेली परत येत नाही. शाळेत कुणाला कळू दिलेलं नाही, मुलांनी काढलेली चित्रं घरी आणतात आणि चाचींना विचारून मार्क देतात. चाचींना लिहिता-वाचता येत नाही. चित्र चांगलं की वाईट एवढं त्या सांगतात.

 पगाराची ती चिठ्ठी माझ्यासमोर धरलेला त्यांचा हात मला दिसत होता. सोळा महिने. घरात आकडे वाचणारं कुणी नव्हतं, शाळेत कुणाला विचारता येत नव्हतं, आणि किती कापलं जातंय ते कळायला तर हवं. म्हणून ते आमच्या दारात येत होते. आणि शेवटच्या वेळी मी शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं होतं.

“मला हे आधी का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“मलाच आज कळलं. आणि कळल्यावर मी लगेच तुला सांगायला येणार होतो, तर तूच फोन केलास की सराफाकडे ये.”

सव्वातीन वाजले होते. पतसंस्थेचं कॅश काउंटर चारला बंद व्हायचं. जयवंतनी टेम्पो तसाच, मालासकट, पतसंस्थेच्या दारात नेला. तिथं कॅशियर जेवायला गेलेला. तो साडेतीनला आला, मग त्याला मी शनिवारीच लिहून ठेवलेल्या स्लिपवरची तारीख आवडली नाही, मग सगळ्या नोटा त्यानं दोनदा मोजल्या. छत्तीस भरल्यावर म्हणाला, नोटीस खर्चाचे दोनशे चौदा वेगळे. मॅनेजर तर छत्तीसच म्हणाले होते. मी त्याच्याशी भांडायला तोंड उघडलं, तर जयवंतनी शर्टाच्या खिशातून, पँटच्या खिशातून, शेवटी टेम्पोच्या डॅशबोर्डमधून दहा-वीसच्या नोटा आणि चिल्लर गोळा करून आणली. माल उतरवल्यावर दुकानदार चहाला देतात ते पैसे. कॅशियरनं तीही दोनदा मोजली. चारला पाच मिनिटं कमी असताना पावती मिळाली. जामीन मोकळा केल्याचं पत्र दुसऱ्या दिवशी मिळालं, ते मी स्वतः सरांच्या घरी नेलं आणि वाचून दाखवलं. हळू आवाजात.

सरांचं ऑपरेशन मे महिन्याच्या अखेरीला झालं. डावा डोळा चांगला आला. उजवा फारसा नाही. आणखी सहा महिने आधी आणलं असतं तर, असं तिथले डॉक्टर म्हणाले म्हणे. सरांचे कापलेले पैसे फेडायला आम्हांला त्यानंतर दीड वर्ष लागलं. ते हप्ते न्यायला ते कधी दारात आले नाहीत, आम्हीच नेऊन देत होतो.

पण लग्न अजून व्हायचं होतं. सव्वीसला जयवंत इस्लामपूरला गेले आणि कार्यालयातल्या जुनाट लाल पडद्यांना चुण्या घालून, झेंडू आणि आंब्याचे डहाळे लावून जमेल तसं स्टेज सजवलं. ठीक दिसत होतं, त्याहून जास्त काही नाही. सत्तावीसला सकाळी मी साडी घेऊन गेले. चौदाशे पन्नासची, हिरवी. अक्कांनी पिशवीतून बाहेर न काढताच ती बाजूच्या खुर्चीवर ठेवली. कार्यालयाच्या त्या खोलीत त्याच सगळ्या बाया होत्या. अक्का मला म्हणाल्या, बरं झालं आलीस, आणि मग जरा थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, की काही का असेना, मन मारून का होईना, हेमानं काहीतरी दिलं तर खरं.

जयवंत तेजूला मांडवात न्यायला म्हणून दारात आले होते. डोक्याला फेटा, अंगात भाड्याचा कोट, बाह्या आखूड. त्यांनी ते ऐकलं. अक्का म्हणजे त्यांना आईच्या जागी. लहानपणापासून त्यांच्यापुढं कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही.

“हेमाला बोलू नको, अक्का. ती दीड तोळ्याची ठुशी घेत होती तेजूला. पावती करायला घेतली होती. मी दुकानातून उठवून आणलं तिला.”

अक्का बघत राहिल्या.

“तू?”

“मी. पैसे दुसऱ्याचे होते. त्याला द्यायचे होते, ते दिले.”

 बाहेर भटजी मुलीच्या मामांना बोलवा म्हणून ओरडत होते. जयवंतनी तेजूचा हात धरला आणि तिला घेऊन गेले. अंतरपाटामागं तिच्या पाठीशी उभे राहिले तेव्हा त्यांचं नाक लाल झालं होतं, ते मी लांबून बघितलं. अक्कांनी आमच्याशी त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं नीट बोलणं ठेवलं नाही. पहिल्या भाऊबीजेला जयवंत आंघोळ करून, नवा शर्ट घालून अकरा वाजेपर्यंत दारात बसले होते. अक्का आल्या नाहीत. मग शर्ट बदलून ते टेम्पोवर गेले.

लग्नाहून परत येताना एस.टी.त मी त्यांच्यावर चिडले होते. सगळ्यांसमोर ठुशीचं कशाला काढलं, आता त्या म्हणतील मीच उधळी आहे. ते म्हणाले, परवा कंजूष म्हणत होत्या तेव्हाही तू चिडली होतीस. मी खिडकीकडे तोंड केलं. पेठ नाका येईपर्यंत ते माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले होते, आणि फेटा माझ्या मांडीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला जाताना मी कपाटाची किल्ली त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. तीन वर्षं ती माझ्या कमरेला होती, झोपतानासुद्धा.

“हे कशाला?” त्यांनी विचारलं.

“राहू दे तुमच्याकडे,” मी म्हणाले.

आठव्या दिवशी त्यांनी ती हरवली. सगळं घर उलथं केलं, टेम्पोची सीट काढून बघितली. मिळाली नाही. शेवटी किल्लीवाल्याला बोलवावं लागलं. तो पंचेचाळीस रुपये म्हणाला. आयुष्यात कधी कुणाशी घासाघीस न केलेल्या या माणसानं त्याच्याशी पाऊण तास हुज्जत घातली, त्याला चहा पाजला, त्याच्या मुलांची नावं विचारली आणि पस्तीसवर आणलं. मग आत आले आणि दहा रुपये माझ्या हातावर ठेवले.